ट्रॉलीवरचा रोबोट सीएनसीला जुंपायचा कसा

मी मूळचा सेटर, म्हणजे सीएनसी (संगणकावर चालणारं कटिंगचं) मशिन कामासाठी लावून देणारा. अठरा वर्षं चकसमोर (जॉब पकडणाऱ्या पंजासमोर) उभं राहून काढली आणि गेली चार वर्षं ट्रॉलीवर बसवलेल्या एका रोबोटकडून तीन मशिनवर जॉब, म्हणजे कापायचे धातूचे तुकडे, लावून घेतोय. दोन टर्निंग सेंटर (जॉब फिरवून कापणारी), एक व्हीएमसी (जॉब व्हाइसमध्ये धरून वरून फिरत्या टूलने कापणारं). रोबोट चालवायला शिकलो आठवड्याभरात. ट्रॉली समजायला दीड वर्ष गेलं. म्हणून पेंडंटवरची, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवरची, बटणं मी सांगत बसणार नाही, ती रोबोट विकणारा माणूस दोन दिवसांत दाखवतो. मी बोलणार आहे जमिनीबद्दल, चिपबद्दल (कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाबद्दल) आणि एका केबलबद्दल.

आधी जॉब निवडा

सायकल टाईम (एक जॉब कापायला लागणारा वेळ) ४० सेकंदांचा असेल तर रोबोट त्या मशिनपासून हलणारच नाही. मग चाकांचा खर्च कशाला, सरळ जमिनीत बोल्ट मारा. ट्रॉली शोभते ती तिथे, जिथे आज या मशिनवर मोठा लॉट आहे आणि परवा त्या मशिनवर. माझा ठोकताळा असा: सायकल तीन मिनिटांच्या वर, माल करवतीवर एकसारखा कापलेला आणि लॉट निदान अख्खी पाळी पुरेल एवढा. आमचा ट्रे सहा बाय आठचा, म्हणजे ४८ जॉब. सायकल ४ मिनिटं १० सेकंदांची धरली तर ट्रे ३ तास २० मिनिटं चालतो. दोन ट्रे ठेवले की रात्रपाळी जवळजवळ निघते. हा हिशेब कागदावर बसत नसेल तर पुढचं वाचायची घाई करू नका.

फोर्जिंग किंवा कास्टिंगने सुरुवात करू नका. पार्टिंग लाईनवरची, म्हणजे साच्याच्या सांध्यावरची, फ्लॅश (जादा धातूची कड) प्रत्येक नगावर वेगळी असते. ग्रिपरची (रोबोटच्या पकडीची) बोटं आज तिच्यावर बसतात, उद्या तिच्या बाजूला. माणूस हातातल्या हातात जॉब फिरवून बसवतो, त्याला आपण काही विशेष केलं असं वाटतही नाही. रोबोटला तेवढ्यासाठी वेगळं फिक्श्चर लागतं.

वजनाचा हिशेब कच्च्या मालावर करायचा, तयार जॉबवर नाही. ६० मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबीचा स्टीलचा तुकडा साधारण १.१ किलो भरतो. डबल ग्रिपर असेल तर एका बाजूला कच्चा तुकडा, दुसऱ्या बाजूला तयार जॉब, समजा ७०० ग्रॅम. ग्रिपर, ब्रॅकेट आणि बोटं मिळून आमच्याकडे २.२ किलो. झाले चार किलो. युनिव्हर्सल रोबोट्सच्या यूआर५ई सारख्या हाताची क्षमता ५ किलो आणि पोहोच ८५० मिलिमीटर, त्यात हे बसतं. पण तोच तुकडा ८० व्यास, ८० लांब केला तर एकटाच ३.१ किलोच्या वर जातो आणि गणित तिथेच संपतं. शिवाय वजन मनगटापासून जितकं लांब लोंबेल तितकी क्षमता उतरते, तो आलेख कॅटलॉगमध्ये मागच्या पानावर असतो. तो बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

ट्रॉली परत तिथेच बसली पाहिजे

कॅटलॉगवर रोबोटची अचूकता ०.०३ मिलिमीटर लिहिलेली असते आणि लोक खूश होतात. तो आकडा एकाच जागेवर पुन्हा पुन्हा येण्याचा आहे, आणि रोबोटचा पाया हलला नाही तरच खरा. आपण तर अख्खा पायाच ढकलत नेतोय. ट्रॉली ०.२ अंशांनी तिरकी लागली, डोळ्याला कळणारसुद्धा नाही इतकी, तर ९०० मिलिमीटर लांबवरच्या चकात बोटं ३.१ मिलिमीटर बाजूला जातात. सॉफ्ट जॉमध्ये (जॉबच्या मापाला कोरलेल्या चकच्या जबड्यांमध्ये) जॉब घालायला आम्ही बाजूला अर्धा मिलिमीटरसुद्धा मोकळीक ठेवत नाही.

म्हणून प्रत्येक मशिनसमोर जमिनीत एक डॉकिंग प्लेट पक्की करा. आमची १६ मिलिमीटर जाडीची आहे, केमिकल अँकरवर (रसायनाने जमिनीत चिकटवलेल्या बोल्टवर). तिच्यावर एक गोल पिन आणि एक डायमंड पिन (दोन बाजूंनी छाटलेली). गोल पिन जागा धरते, डायमंड पिन फक्त फिरणं अडवते. दोन्ही पिना गोल ठेवल्या की प्लेट थोडी तापली, थोडी हलली, की ट्रॉली अडकते आणि मग लोक हातोडा आणतात. एकदा हातोडा आला की अचूकता गेली समजा.

ट्रॉली डॉक झाल्यावर वजन चाकांवर राहता कामा नये. चाकांचं रबर दबतं, रात्रभर उभी राहिली तर आणखी दबतं, आणि हात पूर्ण लांबवला की अख्खी ट्रॉली मान डोलावते. आम्ही तीन जॅकिंग पाय दिलेत आणि ते प्लेटवरच्या घासलेल्या गुंड्यांवर उतरतात. तीनच, कारण चार पायांचं स्टूल कधी ना कधी डुगडुगतं. ट्रॉलीचं बूडही जड हवं. आम्ही आत १२० किलोच्या प्लेटा टाकल्यात. ढकलताना शिव्या बसतात, जॉब लावताना कोणी तक्रार करत नाही.

आमच्या शॉपमधले सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते ट्रॉली उतरवताना आधी कापड मागतात. मला ते सुरुवातीला सोवळं वाटायचं. एका सकाळी घाईत मीच ट्रॉली लावली. पहिला जॉब चकात जाताना जॉला घासला, दुसराही तसाच. प्रोग्रॅम तपासला, ग्रिपर तपासला, बोटांचे बोल्ट आवळले. काका आले, गुडघ्यावर बसले, पायाखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर (फट बघायची पातळ पट्टी) घालून बघितली आणि म्हणाले, "अरे, हा पाय तर तरंगतोय." त्याच पायाखालच्या गुंडीवर चिपचा एक तुकडा होता, नखाएवढा, ०.३ मिलिमीटर जाडीचा. दोन पायांमधलं अंतर ६०० मिलिमीटर, त्यामुळे हाताच्या टोकाशी तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर झाला होता. तेव्हापासून कापड ट्रॉलीलाच साखळीने बांधलंय.

इतकं करूनही थोडा फरक राहतोच. त्यासाठी प्रत्येक मशिनवर रोबोटची वेगळी फ्रेम, म्हणजे मोजमापाचा आरंभबिंदू आणि दिशा, घ्या. मशिनच्या आत, चिप थेट लागत नाहीत अशा जागी, तीन पॉइंट ठरवा. आम्ही दरवाज्याच्या आतल्या चौकटीवर तीन कडक बुश (भोक असलेल्या छोट्या नळ्या) बसवलेत. रोबोटच्या मनगटात टोकदार पिन लावून त्या तीन बुशांना स्पर्श करायचा, की फ्रेम तयार. त्या मशिनचे सगळे पॉइंट या फ्रेममध्ये शिकवायचे, रोबोटच्या स्वतःच्या पायाच्या हिशेबात एकही नाही. मग ट्रॉली किंचित सरकली तरी तीन पॉइंट पुन्हा घेतले की अख्खा प्रोग्रॅम तिच्यासोबत सरकतो. हे पहिल्याच दिवशी करा. मी केलं नव्हतं. तीन महिन्यांनी एका फोर्कलिफ्टने डॉकिंग प्लेटला धक्का दिला आणि मी ६४ पॉइंट पुन्हा शिकवत बसलो.

एक केबल, पण विचारपूर्वक

मशिन आणि रोबोटचं संभाषण फारसं नसतं. दरवाजा उघडा आहे का, चक उघडला का, चकने धरलं का, सायकल संपली का, अलार्म आहे का, आणि रोबोटकडून: चक उघड, चक बंद कर, मी बाहेर आलोय, सायकल सुरू कर. दहा-बारा सिग्नल. जुन्या मशिनवर हे २४ व्होल्टच्या रिलेने छान होतं. नव्या मशिनवर नेटवर्क केबलने होतं, पण त्यासाठीचा ऑप्शन कंट्रोलमध्ये चालू आहे का ते आधी विचारा.

मशिन बनवणाऱ्याकडून एक-दोन रिकामे एम कोड (मशिनच्या प्रोग्रॅममधल्या सहायक आज्ञा) मागून घ्या. प्रोग्रॅमच्या शेवटी तो कोड आला की मशिन थांबून रोबोटला हाक मारतं आणि रोबोटने काम पूर्ण झाल्याचा सिग्नल दिल्याशिवाय पुढच्या ओळीवर जात नाही. हे ठराविक वेळ थांबण्यापेक्षा, म्हणजे ड्वेल टाकण्यापेक्षा, शंभर पटींनी बरं. ड्वेलवर चालवणारे मी पाहिलेत. एअर प्रेशर उतरलं, ग्रिपर सावकाश बंद झाला, आणि मशिनने बिनधास्त दरवाजा लावला.

चकने धरलं याचा सिग्नल प्रेशर स्विचवरून घेतात. त्याने फक्त प्रेशर आल्याचं कळतं, जॉब नीट बसल्याचं नाही. चक रिकामा बंद झाला तरी प्रेशर येतंच. म्हणून जॉची जागा दाखवणारा सेन्सर असेल तर तोही जोडा.

केबलचा कनेक्टर जड, लिव्हर असलेला, बहुपिनी घ्या, आणि त्यातल्या तीन-चार पिना फक्त मशिनच्या ओळखीसाठी राखून ठेवा. मशिन एकमध्ये पहिली पिन जंपर (तारेने जोडलेली), मशिन दोनमध्ये दुसरी. रोबोटने प्रोग्रॅम सुरू करण्याआधी हे वाचायचं आणि जुळलं नाही तर हलायचंच नाही. आमची दोन्ही टर्निंग सेंटर एकाच मॉडेलची, दिसायला जुळी. फरक जॉच्या उंचीत, १८ मिलिमीटरचा. एका पाळीत दोन नंबरच्या प्रोग्रॅमने एक नंबरवर जॉब लावायला सुरुवात झाली होती. वेग दहा टक्क्यांवर होता म्हणून बोटं वाचली. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या पिना जोडल्या.

इमर्जन्सी स्टॉप दोन्हीकडून दोन्हीकडे, डबल चॅनेलने (दोन स्वतंत्र सर्किटनी) जायला हवा. मशिनचं लाल बटण दाबलं की रोबोट थांबला पाहिजे, रोबोटचं दाबलं की मशिन. ट्रॉली नेल्यावर मशिन एकटं चालायचं तर मोकळ्या सॉकेटमध्ये डमी प्लग लागतो, नाहीतर मशिन कायम इमर्जन्सीतच राहील. हा डमी प्लग त्याच मशिनला बांधून ठेवा आणि तो लागलेला असताना रोबोटची केबल लावायला दुसरी जागाच उरणार नाही असं करा. प्लग कोणाच्या तरी खिशात राहिला की माणसं तारेचा तुकडा घालून काम भागवतात. तारेचा तो तुकडा मग वर्षभर तिथेच राहतो.

हे वायरिंग मशिनच्या सेफ्टी सर्किटशी संबंधित आहे. हौशीने करू नका, ज्याला सेफ्टी रिलेचं काम येतं त्यानेच करायचं.

चकात बसवणं

जॉब चकात नुसता नेऊन चालत नाही, तो जॉच्या पाठीला टेकला पाहिजे. ग्रिपरने धरलेलं असतानाच चक आवळला तर दोघांची ओढाताण होते आणि रोबोट प्रोटेक्टिव्ह स्टॉपवर जातो, म्हणजे सुरक्षेसाठी स्वतःच थांबतो. आम्ही क्रम असा ठेवलाय: रोबोट जॉब आत नेतो, शेवटचे दोन मिलिमीटर सावकाश, हलका जोर लावून ढकलतो. मग ग्रिपर सोडून किंचित मागे येतो, आणि ग्रिपरवरच्या स्प्रिंगच्या पॅडने जॉब पुढे दाबून धरतो. त्या अवस्थेत चक बंद होतो. स्प्रिंग स्वतः दबते, त्यामुळे चकने जॉब थोडा ओढला तरी भांडण होत नाही. जॉब नीट टेकला का हे बघायला जॉच्या पाठीत हवेचं छिद्र असेल तर उत्तम. जॉब टेकला की हवा अडते आणि प्रेशर चढतं. चिप मध्ये आली की चढत नाही.

स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) ठराविक कोनात थांबलाच पाहिजे. तीन जॉच्या चकात ग्रिपरची बोटं दोन जॉच्या मधून जायची असतात. ओरिएंटेशन नसेल तर कधीतरी बोट आणि जॉ समोरासमोर येतीलच.

व्हीएमसीवर प्रश्न वेगळा. तिथे तयार जॉबवर कूलंटचं तळं साचलेलं असतं आणि व्हाइसच्या जॉवर चिपचा थर. ग्रिपर शेजारी एअर नोझल लावा. आधी जॉबवर, मग जॉब उचलल्यावर रिकाम्या व्हाइसवर, आणि नंतर पॅरलल्सच्या (जॉबखालच्या समांतर पट्ट्यांच्या) वरच्या कडेवर खास वेळ द्या. मी सहा सेकंद देतो. ते वाचवण्याच्या नादात १४ जॉब तिरके मिल झाले होते, ते अजून आमच्या रॅकखाली पडलेत, नवीन मुलांना दाखवायला.

चिप हा खरा शत्रू

माणूस उभा असताना चिपचं कौतुक कोणाला नसतं. जॉवर लांब गुंडाळी अडकली की तो हूकने ओढतो आणि विसरतो. रोबोटला ती दिसत नाही. म्हणून रोबोट जुंपण्याआधी त्या जॉबचं कटिंगच बदलावं लागतं. बारीक फिनिशिंग कटमध्ये चिप तुटत नसेल तर कटची खोली वाढवा, फीड वाढवून बघा, वेगळ्या चिपब्रेकरचा (चिप तोडणाऱ्या खाचेचा) इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलायचं पातं, घ्या. ड्रिलिंगमध्ये पेक सायकल द्या, म्हणजे ड्रिल थोडं आत, थोडं बाहेर असं चालवा. तरीही दोरे निघत असतील, मऊ स्टील आणि स्टेनलेसमध्ये निघतातच, तर हाय प्रेशर कूलंट हा एक मार्ग. तोही नसेल तर तो जॉब रोबोटला देऊ नका. मी आजही दोन जॉब माणसाकडेच ठेवलेत आणि मला त्याची लाज नाही.

एक सोपी युक्ती: सायकल संपताना, दरवाजा उघडण्याआधी, चक रिकाम्या टूल स्टेशनसमोर काही सेकंद जोरात फिरवा. कूलंट झटकलं जातं, सुट्या चिप उडतात. जॉब अर्थातच चकात असताना.

कोबॉट म्हणजे निर्धोक नव्हे

"कोबॉट आहे, कुंपण लागत नाही," (कोबॉट म्हणजे माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबोट) हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच विचारतो, हातात काय धरलंय? आयएसओ/टीएस १५०६६ हे २०१६ चं दस्तऐवज माणसाच्या कोणत्या भागाला किती जोर चालेल ते सांगतं. दाबून धरण्याच्या प्रकारात चेहऱ्यासाठी ६५ न्यूटन, बोटांसाठी १४०. २०२५ साली हा मजकूर आयएसओ १०२१८ या औद्योगिक रोबोटच्या सुरक्षेच्या मानकाच्या दुसऱ्या भागात सामावून घेतला. पण हे आकडे बोथट पृष्ठभागासाठी कामाचे. टर्न केलेल्या जॉबची बर (कापताना उरलेली धारदार कुसळं) असलेली कडा बोटाला कापायला १४० न्यूटनची वाट बघत नाही.

आम्ही ट्रॉलीच्या पुढे खाली लेझर स्कॅनर लावलाय. माणूस लांब असला की पूर्ण वेग, जवळ आला की मंद, आणखी जवळ आला की थांब. थांबण्याचं अंतर अंदाजाने ठरवू नका. आयएसओ १३८५५ या सुरक्षित अंतराच्या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीत जमिनीला समांतर स्कॅनरसाठी सोपं सूत्र आहे: माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरून तो रोबोटला थांबायला लागणाऱ्या एकूण वेळेने गुणायचा आणि त्यात १२०० वजा स्कॅनरच्या उंचीचे ०.४ पट मिळवायचे. आमचा स्कॅनर २०० मिलिमीटरवर, थांबायला अर्धा सेकंद. म्हणजे ८०० अधिक ११२०, एकूण १९२० मिलिमीटर. जवळजवळ दोन मीटर! हा आकडा पाहून मॅनेजर म्हणाले, एवढी जागा कुठून आणू? शेवटी पलीकडचा रॅक हलवावा लागला. जागा आधी मोजा, रोबोट नंतर मागवा. तुमच्याकडे सध्या लागू असलेली आवृत्ती कोणती तेही सेफ्टीवाल्याकडून बघून घ्या.

ट्रॉली हलली की स्कॅनरचे झोनही मशिनप्रमाणे बदलतात. तेही त्या ओळखीच्या पिनांवरूनच निवडले जाऊ द्या.

एकटं सोडण्याआधी

पहिले दोन आठवडे रोबोट दिवसाच चालवा, कोणीतरी शेजारी असताना. प्रत्येक थांबा वहीत लिहा: वेळ, कितवा जॉब, कारण. आमच्या पहिल्या वहीत ३१ थांबे होते. त्यातले १९ चिपचे, ६ ट्रेमध्ये जॉब तिरका ठेवल्याचे, ४ एअर प्रेशरचे. रोबोटचा स्वतःचा दोष म्हणावा असे दोनच.

इन्सर्टचं आयुष्य मोजा आणि त्याच्या थोडं आधी मशिन स्वतःच थांबेल किंवा टरेटमधल्या (टूल धरणाऱ्या फिरत्या चक्रातल्या) जोडीदार टूलवर जाईल असं करा. दर विसावा जॉब रोबोटने ट्रेत न ठेवता एका उतरत्या खोक्यात टाकावा, खाली फोम. सकाळी येणारा माणूस ते क्रमाने उचलतो, बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायच्या उपकरणाने) मोजतो आणि माप कुठून सरकायला लागलं ते त्याला कळतं. नाहीतर ९६ जॉबच्या ढिगात बिघडलेला पहिला कोणता ते शोधत बसावं लागतं.

ट्रॉली हलवायला आम्हाला आता २५ मिनिटं लागतात. त्यातली आठ नुसती पुसण्यात आणि पाय टेकले का ते फीलरने बघण्यात जातात. मग तीन बुशांना स्पर्श, एक फेरी रिकाम्या हाताने, एक फेरी जॉब घेऊन पण चक बंद न करता, दोन्ही दहा टक्के वेगाने. नवीन मुलगा परवा विचारत होता की रिकामी फेरी गाळली तर चालेल का. मी काही बोललो नाही, त्याला रॅकखालचे १४ जॉब दाखवायला काकांकडे पाठवलं.